छपराला बसायला जागा

डोक्यावर छप्पर असणं ही माणसाच्या संस्कृतीची सुरुवात आहे, आणि तेच छप्पर मनात येईल तेव्हा बाजूला सारून आकाशाखाली बसता येणं हा तिचा कळस आहे. हे वाक्य मी एका गाडीच्या बोनेटवर हात ठेवून, महाडजवळच्या तुडील गावात, पंधरा-वीस माणसांसमोर म्हटलं होतं. गाडी माझ्या मित्राची होती आणि मी दोन शब्द बोलावेत हा आग्रहही त्याचाच होता. मी नोकरीची सगळी वर्षं महाडच्या एका वाचनालयात काढली. तिथे कुठल्या ना कुठल्या निमित्ताने कोणीतरी येऊन दोन शब्द बोलत असे, आणि ते कधीच दोन नसत. म्हणून मी एका वाक्यात आटपलं. घरच्यांचा फातिहा आधीच पढून झाला होता, शेजाऱ्यांच्या समाधानासाठी एक नारळही फुटला. मित्राने बटण दाबलं, छप्पर उघडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो एप्रिल महिना होता. पावसाळा संपल्यावर तेच बटण दाबलं तेव्हा छप्पर अर्धं वर आलं आणि तिथेच थांबलं.

मित्र आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे तो आखातात गेला आणि बावीस वर्षं एका श्रीमंत घराण्याचा ड्रायव्हर होता. त्या घरी उघड्या छपराची एक गाडी होती. मालक ती संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर काढायचा, आणि लोक वळून बघायचे. मित्र म्हणायचा, "बघणाऱ्यांना वाटायचं मालक सुखी आहे. मागे बसून तो फोनवर भावाशी भांडत असायचा." तरीही ते लोकांचं वळून बघणं त्याच्या डोक्यात राहिलं. कायमचा परत आल्यावर त्याने मुंबईहून तशीच एक गाडी आणली. तीन मालकांनी वापरलेली, पांढरी, काळ्या कापडी छपराची. बेत साधा होता. महाड-पोलादपूर पट्ट्यात लग्नाच्या वरातीला ती द्यायची आणि आपण चालवायची.

त्याच्या घरात आणखी एक वस्तू होती. कडक कवचाची मोठी निळी बॅग. बावीस वर्षं ती सुट्टीत दाराजवळ उभी असायची, कारण सुट्टी संपली की ती उचलायची असे. तो कायमचा आला तरी बॅग दाराजवळच राहिली. भाभी, म्हणजे त्याची बायको, रोज तिच्याभोवतीने लादी पुसायच्या. एकदा मी म्हटलं, "ही माळ्यावर टाका ना." त्या म्हणाल्या, "मी नाही टाकणार. ज्याची आहे त्यानं टाकावी."

आता छपराबद्दल. ते कसं चालतं हे मला पुस्तकातून कळलं. गाडीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं आणि मित्राने ते माझ्याकडे आणून टाकलं. "लायब्ररी," तो मला शाळेपासून याच नावाने हाक मारतो, "इतकी पुस्तकं वाचलीस, एक माझ्यासाठी वाच."

बटण दाबलं की आधी चारही काचा थोड्या खाली उतरतात. मग पुढच्या काचेच्या वरच्या कडेची कडी सुटते. मागच्या सीटमागे एक रुंद झाकण असतं, ते उचललं जातं. कापडी छप्पर आतल्या लोखंडी कमानींसकट मिटत मागे जातं, झाकणाखालच्या खोलगट जागेत घडी होऊन बसतं, आणि वरून झाकण लागतं. सगळं मिळून वीसेक सेकंद. ओढायचं काम तेल करतं. डिकीच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटी मोटर आणि पंप असतो. तो तेल दाबून बारीक नळ्यांतून पाठवतो, नळ्यांच्या टोकाला सायकलच्या पंपासारखे दांडे असतात, ते पुढेमागे सरकतात. डंपरचा हौदा वर होतो तोच प्रकार. इथे फक्त खडी पडत नाही.

पण तेलापेक्षा मला आवडले ते खटके. प्रत्येक टप्प्यावर एक बारीक खटका असतो आणि तो सांगतो की माझं काम झालं, पुढच्याने सुरू करावं. काच उतरली का, कडी सुटली का, झाकण उभं राहिलं का. एकाने जरी होकार दिला नाही तरी सगळं तिथेच थांबतं. कुठे थांबलं ते गाडी सांगत नाही, फक्त एक लाल दिवा लुकलुकतो. ज्याने तालुक्याच्या कचेरीत सातबारावर नाव लावून घेतलंय त्याला हे यंत्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

छप्पर अर्धवट अडकलं ते नेमकं पहिलं गिऱ्हाईक गाडी बघायला आलेलं असताना. उमरठजवळच्या एका वाडीतलं लग्न होतं. मुलगा मुंबईत नोकरीला, आणि सगळं ठरवायला त्याचे मामा आले होते. एसटीतले निवृत्त कंडक्टर, पोलादपूर-महाड रस्त्यावरचा प्रत्येक थांबा आणि प्रत्येक थांब्यावरचा प्रत्येक माणूस ओळखणारे. मामा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून उभे राहिले. मित्राने बटण दाबलं. छप्पर काचेवरून सुटलं, वीतभर, हातभर वर आलं आणि तंबूसारखं उभं राहिलं. मागून एक बारीक घरघर आली आणि तीही बंद झाली.

"एवढंच उघडतं?" मामांनी विचारलं.

"नाही नाही, पूर्ण उघडतं. आज जरा..." मित्राने बटण पुन्हा दाबून पाहिलं.

"आज जरा नाय. पन लग्नाला उघडंल?"

"उघडेल."

"बघा हां. बंद गाड्या आमच्याकडं पन हायत. टपावरनं वारा खायला तुमची सांगितली."

मामांनी बोलणं मोडलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या एका रविवारी होतं. आजूबाजूच्या आणखी तीन घरांनी मित्राकडे चौकशी केली होती, पण सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, आधी उमरठची वरात होऊ दे.

त्याच आठवड्यात आखातातून फोन आला. जुन्या मालकाच्या मुलाने नवी गाडी घेतली होती आणि त्याला ओळखीचा ड्रायव्हर हवा होता. व्हिसा देतो म्हणाला. मुंबईच्या एजंटकडे पासपोर्ट घेऊन हजर व्हायचा दिवस होता, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. मित्र माझ्याकडे आला आणि बराच वेळ दुसरंच काही बोलत राहिला. मग म्हणाला, "वरात नीट झाली तर मी इथं राहतो. नाही झाली तर इथं बसून काय करू? अडकलेलं छप्पर पुसत बसू?"

"भाभी काय म्हणतात?"

"ती काही म्हणत नाही. बावीस वर्षांत ती कधी काही म्हणाली नाही. तेच तर आहे."

महाडातल्या एका गॅरेजवाल्याने छपराला हात घातला. तेल कमी झालंय म्हणाला आणि भर घातली. छप्पर हाताने ढकलून कसंबसं बंद झालं आणि त्यानंतर अजिबातच हलेना. मग कोणीतरी बिरवाडीचं नाव काढलं. तिथे एमआयडीसीच्या रस्त्याला एक बाई जेसीबी आणि फोर्कलिफ्टचे तेलाचे पाइप करून देतात, सिलिंडर खोलतात, पॅकिंग बदलतात. नवरा कारखान्यात पाळीला जातो आणि दुकान त्या चालवतात. सगळा रस्ता त्यांना वहिनी म्हणतो.

वहिनींनी गाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "हे लग्नातलं ना? याचं मी कधी केलं नाय. पन तेल ते तेल."

त्यांनी डिकीचा गालिचा उचलला, डाव्या कोपऱ्यात हात घातला आणि तो कोपरापर्यंत ओला होऊन बाहेर आला. पंप पाण्यात बसला होता. शाळेतल्या बेडकासारखा, काचेच्या भांड्यातला. त्यांनी बोट तेलाच्या टाकीत बुडवून वास घेतला.

"यात ब्रेक ऑइल कोनी घातलं?"

आम्ही महाडच्या दिशेला बघितलं.

"आतलं रबर फुगलं असंल. पुरणपोळी फुगते तसं. ते सिलिंडरात अडकतं मग." मग त्या गाडीखाली सरकल्या आणि तिथून त्यांचा आवाज आला. "ही भोकं कोनी बुजवली?"

"मी," मित्र म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो मला ऐकू आला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात प्रत्येक शहाणा माणूस भोकं बुजवत फिरतो. कौलांमधली फट, भिंतीतली चीर, खिडकीची कड, पाण्याच्या टाकीचा सांधा. पाऊस सुरू झाला की सावित्री नदी कुठपर्यंत येईल ते आपल्या हातात नसतं, पण भोकं आपल्या हातात असतात. मित्र बावीस वर्षं वाळवंटात राहिला तरी हे त्याच्या हाडात होतं. गाडी धुतल्यावर खाली वाकून बघताना त्याला मागच्या चाकांजवळ दोन छोटी भोकं दिसली, त्यातून थेंब थेंब पाणी येत होतं. त्याने ती एम-सीलने बुजवली, वरून आणखी एक थर दिला, आणि पावसाळाभर गाडी फणसाखालच्या शेडमध्ये निळं प्लास्टिक गुंडाळून ठेवली. शेड गळायची, प्लास्टिकखाली पाणी उतरायचं, छपराच्या कडेने ते आतल्या पन्हाळीत जायचं, आणि जिथून बाहेर पडायचं तिथे एम-सील होतं.

वहिनी बाहेर आल्या आणि उभ्या राहून त्यांनी पदराने हात पुसले. "घराची बुजवा की. गाडीची ती मोरी हाय. मोरी बुजवून कोन पावसाळ्यात बसतं?"

मी मित्राची बाजू घ्यावी म्हणून म्हटलं, "पुस्तकात भोकांबद्दल फारसं काही नव्हतं." ते खरं नव्हतं. पुस्तकात होतं. मी ते पान भराभर उलटलं होतं, कारण मथळ्यात "देखभाल" होतं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरने एम-सील फोडलं. आधी डाव्या बाजूने पाणी आलं, काळपट, फणसाच्या कुजलेल्या पानांचं, आणि मग उजव्या बाजूने. उजव्या बाजूने पाण्याबरोबर एक लहानसा बेडूकही आला. तो थोडा वेळ रस्त्यावर बसून राहिला आणि मग कारखान्यांच्या दिशेने गेला.

पुढचे दहा-बारा दिवस गाडी वहिनींकडे होती. आम्ही एक दिवसाआड बिरवाडीला जायचो. मोटर खोलून उन्हात ठेवलेली असायची, शेजारी वाळत घातलेल्या सुक्या जवळ्याच्या चादरीवर. कार्बन बदलले, गंजलेलं बेअरिंग बदललं. दांडे एकेक करून उतरवले, आतलं फुगलेलं रबर काढलं. त्या मापाचं रबर बाजारात मिळत नव्हतं. वहिनींनी फोर्कलिफ्टच्या पॅकिंगचा डबा ओतला आणि आम्हा दोघांना जमिनीवर बसवून मापं जुळवायला लावली. त्यांच्याकडे फिरकणाऱ्या जेसीबीवाल्यांना ते दृश्य आवडलं असावं. एकजण म्हणाला, "वहिनी, नवीन पोरं ठेवली काय?" त्या म्हणाल्या, "शिकतायत. हळू हायत."

तेल पूर्ण धुऊन काढून योग्य तेल भरलं. नळ्यांत हवा राहिली की दांडा झटके देतो, म्हणून पंपावरचा एक स्क्रू सैल करून छप्पर हाताने पंधरा-वीस वेळा उघडझाक केलं. एका बाजूला मित्र, दुसऱ्या बाजूला मी. मग स्क्रू आवळला आणि वहिनींनी स्वतः बटण दाबलं. काचा उतरल्या. कडी सुटली. झाकण उभं राहिलं. छप्पर उठलं, मिटलं, मागे जाऊन बसलं, झाकण लागलं. रस्त्यावरून चाललेल्या दोन बायका थांबल्या. वहिनींनी परत बटण दाबून ते बंद केलं, परत उघडलं, आणि बंद केलं.

"आता ऐका," त्या शेवटी म्हणाल्या. "ओलं छप्पर घडी करायचं नाय. ओली गोधडी पेटीत ठेवाल काय? बुरशी येते. नळीत तार घालायची नाय, नळी फाटते. हवा मारायची. रबराला खोबरेल लावायचं नाय."

"ते का?" मित्राने विचारलं. मला कळलं की त्याने लावलं होतं.

"डोकं हाय काय ते? आन महिन्यातून दोनदा उघडझाक करायची. पडून राहिलं की आखडतं. मानसासारखंच."

लग्नाचा रविवार स्वच्छ उजाडला. मित्राने गाडी झेंडूने सजवली, आणि आम्ही महाडहून निघालो. मी पुढच्या सीटवर, पुस्तक मांडीवर. हायवेवर धूळ होती म्हणून छप्पर बंदच ठेवलं. पोलादपूर सोडून उमरठच्या रस्त्याला लागलो तसा तो कमी बोलू लागला. मला वाटलं चढाचा रस्ता आहे, लक्ष देऊन चालवतोय.

बेत असा होता की वाडीच्या वेशीवरच्या देवळापासून मांडवापर्यंत वरात न्यायची. नवरा-नवरी मागच्या सीटवर, आणि देवळासमोर छप्पर उघडायचं. तिथे सगळी वाडी जमली होती. बेंजोवाले तयार होते. पुढे एक फ्लेक्स होता, त्यावर नवरा-नवरीपेक्षा मोठ्या आकारात गावातल्या अकरा मान्यवरांचे फोटो होते. मान्यवरांपैकी चारजण फोटोखाली प्रत्यक्षही उभे होते, त्यामुळे तुलना करता येत होती. कोणीतरी माइकवरून "आपल्या वाडीत प्रथमच" असं काहीतरी म्हणालं. नवरा-नवरी गाडीत बसले, मित्राने बटण दाबलं.

काचा उतरल्या. पुढे काहीच झालं नाही. लाल दिवा लुकलुकला.

त्याने पुन्हा दाबलं. काचा आधीच खाली होत्या, त्यांना आता उतरायला जागा नव्हती. बेंजोवाल्यांनी सुरुवात केली होती, ते एकेक करून थांबले. ढोलवाला शेवटी थांबला. माइकवाल्याने "तांत्रिक कारणामुळे" एवढं म्हटलं आणि पुढचं त्याला सुचलं नाही.

मित्राने माझ्याकडे पाहिलं. "लायब्ररी, बघ ना पुस्तकात."

लाल दिव्याचे पुस्तकात सात अर्थ दिले होते. मी बोट ठेवून वाचू लागलो. गाडी वेगात आहे. बॅटरी कमजोर आहे. बाहेर कडाक्याची थंडी आहे. मोटर तापली आहे. तिसरा अर्थ मी उगाचच दोनदा वाचला. शेवटी पंप तरी बघू म्हणून उतरलो आणि डिकी उघडली.

आत निळी बॅग होती.

मित्रही उतरून मागे आला होता. आम्ही दोघं डिकीच्या झाकणाआड होतो, त्यामुळे लोकांना दिसत नव्हतो. तो हळू आवाजात म्हणाला, "छप्पर अडकलं तर इथूनच मुंबईला जाणार होतो. घरी जाऊन मग निघायचं म्हटलं की माझ्याच्यानं होत नाही. दर वेळी ती दारात उभी राहते."

"भाभींना सांगितलंस?"

"सकाळी बॅग उचलली तेव्हा ती चहा गाळत होती. बघितलं तिनं. काही म्हणाली नाही."

तेवढ्यात मामा मागे आले. फेटा बांधलेला, कपाळावर घाम. त्यांनी डिकीत वाकून बघितलं, बॅगेवर हात फिरवला आणि त्यांची चाळीस वर्षांची नोकरी एकदम जागी झाली.

"एवढी पेटी घेऊन कोन चढलं?"

"माझी आहे," मित्र म्हणाला.

"आवो, मग ते छप्पर येऊन बसनार कुठं? त्याच्या जाग्यावर तुमी रुमाल टाकून ठेवलाय."

मी पुस्तकाकडे पाहिलं. लाल दिव्याचा सातवा अर्थ असा होता: डिकीतला सामानाचा पडदा खाली ओढून अडकवलेला नसल्यास छप्पर हलणार नाही. घडी होणारं छप्पर डिकीच्या वरच्या भागात येऊन बसतं, आणि तिथे सामान नाही याची खात्री तो पडदा करतो. वहिनींकडे डिकी रिकामी होती, पडदा खाली होता, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं. आज बॅग घालायला मित्राने तो पडदा वर केला होता. आठवा-नववा खटका असेल, कोणास ठाऊक. त्याने होकार दिला नव्हता.

हे मी मित्राला शक्य तितक्या थोडक्यात सांगितलं. तो बॅगेकडे बघत राहिला.

"म्हणजे छप्पर चांगलं आहे?"

"छप्पर चांगलं आहे."

"काढा आधी पेटी," मामा म्हणाले. "नवरी उकडून निघंल आत. आमच्या पडवीत ठेवा. मग न्या सावकाश."

दोघा पोरांनी बॅग उचलून समोरच्या घरात नेली. मित्राने पडदा खाली ओढला, तो खट्कन अडकला. पुढे जाऊन त्याने बटण दाबलं. कडी सुटली, झाकण उभं राहिलं, छप्पर उठलं. बेंजोवाल्यांना सांगावं लागलं नाही. छप्पर घडी होऊन बसलं तेव्हा माइकवाल्याला परत शब्द सापडले, आणि ते वरात मांडवात पोहोचेपर्यंत संपले नाहीत.

मी यावर काही बोललो नाही. बोनेटवर हात ठेवून बोलण्याचे परिणाम मी पाहिले होते. शिवाय दुपारचे बारा वाजले होते आणि ऊन इतकं कडक होतं की दहा पावलांवर करवलीने छत्री मागवली. पुढे अख्खी वरात नवरा-नवरी छत्रीखाली बसून गेले. पण लोक वळून बघत होते. मित्र सरळ समोर बघत, बैलगाडीच्या वेगाने गाडी चालवत होता, आणि मला तो शाळेतला वाटला.

मांडवापाशी चौकशी केलेल्या तीन घरांपैकी दोघं भेटले. त्यांना वरातीशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं विचारणं एकच होतं, आमच्या दारात उघडझाक किती वेळा करणार? मित्र म्हणाला, तीनदा. नंतर मला म्हणाला, "वहिनी म्हणाल्याच होत्या, पडून राहिलं की आखडतं."

आम्ही अंधार पडायच्या आत परत निघालो. छप्पर बंद, डिकी रिकामी. तुडीलला पोहोचलो तेव्हा भाभी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग आमच्या हातांकडे, मग दाराजवळच्या मोकळ्या जागेकडे.

"बॅग?"

"उमरठला राहिली," मित्र म्हणाला.

भाभींनी सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "भाजी गरम करते," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. थोड्या वेळाने आतून लादी पुसल्याचा आवाज आला. त्या संध्याकाळी लादी पुसायचं काही कारण नव्हतं.

सोमवारी सकाळी मित्राने आखातात फोन केला. त्या मुलाने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, सीझन सुरू झालाय. मुलाने विचारलं, कसला सीझन. हे त्याला अरबीत सांगता आलं नाही.

त्याला दोन पावसाळे झाले. भोकं उघडी आहेत. मित्र दर पंधरा दिवसांनी शेडमध्ये गाडीचं छप्पर उघडतो आणि बंद करतो, आणि गावातली लहान पोरं ते बघायला वेळेवर येतात. बॅग आणायची राहूनच गेली. गेल्या महिन्यात उमरठकडे दुसरी वरात होती, तेव्हा आम्ही मामांच्या घरी डोकावलो. बॅगेचे दोन भाग वेगळे केले होते. खालच्या भागात पेंढा घालून एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. झाकण कुठे आहे म्हणून मी विचारलं. ते पावसाळ्यात परसात जळणाच्या लाकडांवर घालतात. गळत नाही.